बुजवलेले झरोके

"बाथरूमला झरोका आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आहे ना," काका म्हणाले. "पण आता त्यातून वारा येत नाही. मी बुजवलाय. पक्का बुजवलाय."

सांगताना त्यांच्या आवाजात जरा फुशारकीच होती. सवय, दुसरं काय. जन्मभर छापखान्यात पुस्तकांची बांधणी केलेला माणूस. आपल्या हातच्या कामाबद्दल कोणी विचारलं की त्यांची मान आपोआप ताठ व्हायची. गल्लीत त्यांना सगळे बाइंडरकाका म्हणत. घरातले भाडेकरू नुसतंच काका म्हणत.

डॉक्टरीणबाईंचा हात लिहिता लिहिता थांबला. वयाने त्या काकांच्या मुलीएवढ्या असतील. "कशाने बुजवलात?"

"जाड प्लास्टिकची शीट आणली. मापात कापली. चारी कडांनी सिलिकॉन भरलं. मुंगी आत जायची नाही."

"आणि आत गॅसचा गिझर."

"हो. सगळ्यांकडे तोच आहे."

"दाराखाली फट?"

याचं उत्तर दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या, खालच्या बिऱ्हाडातल्या बेकरीवाल्याच्या बायकोने दिलं. घाईत तिने दोन पायांत दोन वेगळ्या चपला घातल्या होत्या. "तिथे मी जुना टॉवेल कोंबते. यांना खालून गार लागतं. रात्रभर भट्टीपुढे उभे असतात ना, मग घरी आल्यावर अंगाला जरा वारा लागला तरी..."

ती बोलता बोलता गप्प झाली, कारण डॉक्टरीणबाईंनी पेन खिशात घालून टाकलं होतं.

"हे हृदयाचं दुखणं नाही," त्या म्हणाल्या. "गिझरमधला गॅस जळायला हवा लागते. कोंडलेल्या खोलीत तो जळत राहिला की हवा संपत जाते आणि विषारी वायू तयार होतो. तो यांच्या रक्तात गेलाय."

"पण वास नव्हता," काका म्हणाले. "कडी तोडून आत मीच शिरलो. गॅस गळत असता तर मला कळलं असतं."

"गॅस गळलाच नाही. या वायूला वास नसतो, रंग नसतो. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. डोकं जड होतं, झोप आल्यासारखं वाटतं, आणि माणूस खाली बसतो. बसला की संपलं."

काकांनी मान हलवली. शब्द सगळे कानात गेले होते. सकाळचं चित्र डोळ्यांपुढे होतं. कडी तुटली, वाफेचा लोट बाहेर आला, आणि खाली फरशीवर बेकरीवाला कुशीवर पडलेला. वरून गरम पाणी चालूच. त्याचे गाल असे गुलाबी दिसत होते की काकांना क्षणभर वाटलं, याला काही झालेलं नाही, नुसता पाय घसरलाय.

"म्हणजे मी बुजवला म्हणून," काका म्हणाले.

बेकरीवाल्याच्या बायकोने विचारलं, "वाचतील ना हो?"

"ऑक्सिजन लावलाय. आज मी काही सांगू शकत नाही." मग डॉक्टरीणबाई काकांकडे वळल्या. "तुम्ही म्हणालात, सगळ्यांकडे तोच गिझर आहे. सगळ्यांकडे म्हणजे?"

काकांचं घर म्हणजे खाली दोन बिऱ्हाडं आणि वर दोन. वरच्या एकात काका स्वतः. बाकीची तीन भाड्याने. गेल्या आठवड्यात काकांनी तिन्ही बिऱ्हाडांचे झरोके एकापाठोपाठ एक बुजवले होते. राहिला होता तो फक्त त्यांचा स्वतःचा. घरचं काम नेहमी मागे पडतं.

"तिन्ही," काका म्हणाले. "आणखी दोघं राहतात."

"आणि या वेळेला ते काय करत असतील?"

बाहेर थंडीची सकाळ होती. अशा सकाळी उठून सगळं जग काय करतं ते काय सांगायचं?

"मग तुम्ही इथे काय उभे आहात?" डॉक्टरीणबाई जवळजवळ ओरडल्याच. "फोन करा! जा!"

फोन करायचा कोणाला? काकांच्या फोनमध्ये एकाही भाडेकरूचा नंबर नव्हता. सगळे नंबर काकूंच्या फोनमध्ये. बेकरीवाल्याच्या बायकोचा फोन घरीच राहिला होता. काकूंचा फोन मुलगी घेऊन गेली होती, त्यातले फोटो काढून घ्यायला. काकांनी जिन्याकडे धावता धावता मुलीला फोन लावला.

"बाबा, आत्ता नको, मी कामात आहे, जरा वेळाने..."

"आईचा फोन आहे ना तुझ्याकडे? त्यातून आपल्या वरच्या विमेवाल्याला फोन लाव. त्याला सांग, आंघोळ करायची नाही."

"काय?"

"आंघोळ करायची नाही म्हणून सांग! आणि खालच्या आजोबांनाही करू द्यायची नाही. गिझर कोणी पेटवायचा नाही."

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

आई गेल्यापासून मुलगी रोज हे विचारायची. काका रोज म्हणायचे, बरा आहे. आज त्यांनी तेवढाही वेळ घालवला नाही. "बेकरीवाला दवाखान्यात आहे. मरायला टेकलाय. मी झरोके बुजवले म्हणून. तू फोन लाव आधी."

"लावते," मुलगी म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "आईच्या फोनला चार्जिंग नसेल. लावते, करते काहीतरी."

टॅक्सी मिळाली, पण रस्त्याला कामावर जाणाऱ्यांची गर्दी. काका पुढच्या सीटवर बसले होते आणि पायाने ब्रेक दाबावा तसा पाय दाबत होते. टॅक्सीवाला एकदा म्हणाला, "अहो, माझ्या गाडीला भोक पाडाल." भोक हा शब्द ऐकला आणि काकांनी पाय मागे घेतला.

हे सगळं घर खरं तर काकूंचं. जागा तिच्या वडिलांनी दिलेली, बांधून घेतलं तिने, भाडेकरू शोधले तिने. काका सकाळी छापखान्यात जायचे ते संध्याकाळी यायचे. टाकी कधी धुतली, मोटर कोणी दुरुस्त केली, कोणाच्या नळाचं वायसर गेलं, यातलं त्यांना काही ठाऊक नसायचं. काकू बोलायला कडक. भाडेकरू तिला टरकून असत, आणि तिचं नाव काढलं की हसतही. थंडी सुरू झाली की दर वर्षी कोणीतरी म्हणायचंच, "काकू, बाथरूमच्या झरोक्यातून बर्फासारखा वारा येतो, काहीतरी लावा ना." काकू म्हणायची, "काही लावायचं नाही. तो तसाच राहील." कोणी पुठ्ठा लावला तर शिडी लावून स्वतः काढून टाकायची.

"अगं, लोकांना थंडी वाजते," काका एकदा म्हणाले होते.

"वाजू दे. थंडीने कोण मेलंय?"

त्यांना तेव्हा तो तिचा हेकेखोरपणा वाटला होता. तिने कारणही सांगितलं असेल. नक्कीच सांगितलं असेल. गिझर बसवताना प्लंबर काय म्हणाला, ते जेवताना तिने सविस्तर सांगितलं असेल, आणि काका ताटाकडे बघत हं म्हणाले असतील. आता टॅक्सीत बसून कितीही डोकं खाजवलं तरी तिचा एक शब्द आठवत नव्हता. स्वतःचा हं मात्र आठवत होता. असे हं त्यांनी जन्मभर म्हटले होते.

काकू उन्हाळ्यात गेली. काकांनी छापखान्याचं काम सोडलं, घर बघायचं ठरवलं आणि घर बघणं म्हणजे काय ते त्यांना महिन्याभरात कळलं. मोटर जळाली. ड्रेनेज तुंबलं. विमेवाल्याच्या छतावर ओल आली, ती कुठून येते ते अजून कोणाला सापडलं नव्हतं. काकांना यातलं काही येत नव्हतं. प्लंबर बोलायचा तेव्हा ते नुसते बघत राहायचे. मुलगी म्हणाली, "बाबा, एजंटला देऊन टाका. तो बघेल सगळं." काका नाही म्हणाले, पण रात्री पडल्यावर त्यांनाही वाटायचं, आपल्याच्याने होत नाही.

आणि मग थंडी आली. बेकरीवाल्याची बायको वर आली आणि म्हणाली, "काका, तेवढं झरोक्याचं बघता का? यांचा खोकला हटत नाही." त्या दिवशी पहिल्यांदा काकांना वाटलं, हे मला येतं. मापात कापणं, कड जुळवणं, डिंक न सांडता लावणं, फट न ठेवणं. हे काम त्यांच्या हातांचं होतं. त्यांनी एका बिऱ्हाडाचं केलं आणि मग न सांगता बाकीच्यांचंही करून टाकलं. विमेवाल्याने बघून शिट्टी वाजवली होती. "काका, काय फिनिशिंग आहे! तुम्ही इतके दिवस पुस्तकं कशाला बांधत बसलात?" बेकरीवाल्याने पावाची गरम लादी आणून दिली. काकू गेल्यानंतर इतक्या चवीने काका कधीच जेवले नव्हते.

दोन दिवसांनी बेकरीवाल्याची बायको म्हणाली होती, "हल्ली आंघोळ केली की डोकं ठणकतं." काका म्हणाले होते, "थंडीचं असेल. कान बांधत जा."

टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी आली तसे काका गाडी थांबायच्या आत उतरले.

अंगणात विमेवाला उभा होता. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, तिशीचा, एकटा. कमरेला टॉवेल, अंगात स्वेटर, हातात टूथब्रश.

"काका, हे काय नवीन? ताईंचा फोन आला, आंघोळ करू नका म्हणे. आता काय मालकाची परवानगी काढून अंग भिजवायचं?"

"केलीस का?"

"नाही ना. बादली लावणार तेवढ्यात..."

काकांनी त्याच्या दंडाला धरलं, इतकं घट्ट की तो हसायचा थांबला. "आजोबा कुठेत?"

"मी दार वाजवलं. उघडत नाहीत. पण ते कधी उघडतात? त्यांना तोफ वाजली तरी ऐकू येत नाही."

खालच्या दुसऱ्या बिऱ्हाडात घड्याळवाले आजोबा एकटेच राहत. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला, आणि म्हातारपणी कान गेले. काकूने त्यांच्या घराला बेलऐवजी दिवा लावून दिला होता. बटण दाबलं की आत बल्ब पेटायचा. काकांनी बटण दाबलं. दाबून धरलं. खिडकीच्या काचेतून बाहेरच्या खोलीतला बल्ब पेटलेला दिसला. तो बघायला खोलीत कोणी नव्हतं.

मग काकांना पाण्याचा आवाज ऐकू आला. घराच्या बाजूच्या बोळात, आजोबांच्या बाथरूमच्या भिंतीतून बाहेर येणाऱ्या सांडपाण्याच्या नळीतून पाणी वाहत होतं. तोंडाशी वाफ निघत होती.

"आत आहेत," काका म्हणाले.

बोळात शिडी पडलेलीच होती, गेल्या आठवड्यापासूनची. काका वर चढले. झरोक्यावरची शीट त्यांच्या नाकासमोर आली. आतून वाफेने ती पांढरी झाली होती. त्यांनी मूठ मारली. शीट जराशी वाकली आणि परत सरळ झाली. त्यांनी कोपराने मारलं. कोपर सोलवटलं. विमेवाल्याने खालून वीट दिली. विटेचा तुकडा उडून खाली पडला, शीट जागेवर. सिलिकॉनची कड चारी बाजूंनी एकसारखी, गुळगुळीत, कुठेही हवेचा बुडबुडा नाही. इतकं चांगलं काम त्यांच्या हातून छापखान्यातही क्वचित झालं असेल.

"फुटत का नाही ही?" विमेवाला ओरडला.

काकांनी आणखी एकदा वीट हाणली. आत नळ चालूच होता. नळ चालू म्हणजे गिझर चालू.

आणि त्यांच्या डोक्यात आलं. हा गिझर पाणी वाहायला लागलं की पेटतो, पाणी थांबलं की विझतो. इतकं त्यांना ठाऊक होतं, कारण मोटर जळाली त्या दिवशी सगळ्यांनी त्यांना साबण लावलेल्या तोंडाने शिव्या घातल्या होत्या.

"वर चल! टाकी!"

काका या वयात गच्चीचा जिना कसे चढले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. टाकीखाली नळ्यांचं जाळं आणि त्यांवर कॉक. काकूला झोपेतही माहीत होतं कुठला कॉक कोणाचा. काकांनी विचार केला नाही. हाताला लागेल तो फिरवला. एक गंजून बसला होता, तो दोघांनी मिळून फिरवला. विमेवाल्याचा टॉवेल सुटला, त्याने तो दातात धरला आणि जोर लावला. कॉक करकरला आणि बंद झाला.

खाली आले तेव्हा नळीतून नुसते थेंब टपकत होते.

"दार," काका म्हणाले. "किल्ल्या. तिच्या किल्ल्या."

सगळ्या बिऱ्हाडांच्या जास्तीच्या किल्ल्या काकूने बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या होत्या. एकीवरही खूण नव्हती, तिला लागायचीच नाही. काकांनी डबा अंगणात उपडा केला. किल्ल्या फरशीवर पसरल्या, वीसेक तरी. जुन्या कुलपांच्या, कपाटांच्या, देव जाणे कशाकशाच्या. काका गुडघ्यावर बसून एकेक लावायला लागले. किल्ली भोकात जाईना. विमेवाल्याने त्यांना बाजूला केलं. "तुम्ही द्या, मी लावतो." ही नाही, ही नाही, ही आत गेली पण फिरत नाही. ही फिरली.

बाथरूमची कडी विमेवाल्याने खांद्याच्या एका धक्क्यात उखडली.

आजोबा लाकडी पाटावर बसले होते. डोक्याला साबणाचा फेस, तो डोळ्यांवर ओघळलेला. एका हातात रिकामं तपेलं. नळाकडे तोंड करून ते तपेलं पुढे धरून बसले होते, जसं काही आत्ता पाणी येईल. त्यांनी मान वळवली नाही.

"आजोबा!"

काकांनी खांद्याला हात लावला तसे आजोबा सावकाश त्यांच्या अंगावर कलले. अंग गरम. गाल गुलाबी. तोच गुलाबी रंग, सकाळी बेकरीवाल्याच्या गालांवर होता तो.

विमेवाल्याने काखेत हात घालून आजोबांना उचललं, काकांनी पाय धरले, आणि त्यांनी त्यांना तसंच उघड्यावर, अंगणात आणलं. विमेवाल्याने स्वतःचा स्वेटर काढून त्यांच्यावर टाकला आणि त्या गारठ्यात उघडाच उभा राहिला. वारा सुटला होता. आयुष्यात कधी काकांनी गार वाऱ्याकडे असं बघितलं नव्हतं. ये, ते मनात म्हणत होते. ये, आणखी ये.

बऱ्याच वेळाने आजोबांनी तोंड उघडलं.

"पाणी कोणी बंद केलं?" ते म्हणाले. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, पण शब्द जड, लडबडलेले. "डोळ्यात साबण गेलाय माझ्या. पाय का हलत नाहीत?"

विमेवाला मटकन खाली बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकलं, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

आजोबांनाही दवाखान्यात नेलं. रात्रीपर्यंत ते परिचारिकांशी भांडण्याइतके बरे झाले. काका मात्र दुपारभर बोळात शिडीवर उभे होते. छिन्नीने सिलिकॉनची कड खरवडून त्यांनी तिन्ही शीटा काढल्या. वेळ लागला. शेवटची शीट निघाली तेव्हा त्यांची बोटं मिटत नव्हती. खाली मुलगी येऊन उभी होती, प्रवासाची बॅग अजून खांद्यालाच.

"बाबा, खाली या. पुरे झालं आता. एजंटशी मी बोलते."

"त्याला सांगणार काय?" काका शिडीवरूनच म्हणाले. "झरोके बुजवू नको, एवढंच ना? एवढंच मला ठाऊक नव्हतं."



संध्याकाळी दवाखान्यात पोलीस आला. असं काही झालं की दवाखान्याला पोलिसांत कळवावं लागतं. त्याने विचारलं, झरोका कोणी बंद केला. काका म्हणाले, मी. कोणाच्या सांगण्यावरून? काका म्हणाले, कोणाच्याच नाही.

बेकरीवाल्याची बायको पलीकडे बाकावर होती. पोलीस गेल्यावर ती म्हणाली, "खोटं का सांगितलंत? मीच तुमच्या मागे लागले होते."

"पोरी, मागणं तुझं काम. नाही म्हणणं माझं होतं."

"मी टॉवेल लावला नसता तर..."

"टॉवेल लावलास कारण झरोका बंद झाल्यावर वारा खालूनच यायला लागला. सगळं माझंच आहे. त्यातलं तू काही घेऊ नको."

तिने चपला काढून बाकाखाली सारल्या आणि पाय वर घेऊन बसली. काकाही बसले. त्या रात्री दोघंही त्या बाकावरून उठले नाहीत. आतून कोणी बाहेर आलं की दोघं उभे राहायचे, आणि परत बसायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवाला शुद्धीवर आला.

बायको आत गेली आणि जरा वेळाने बाहेर आली. तिचा चेहरा बघून काका उठून उभे राहिले.

"बोलतात," ती म्हणाली. "ओळखलं मला. हसले पण. पण मला विचारतात, माझ्या नणंदेच्या बाळाचं नाव काय ठरलं. काका, ते बाळ आता रांगतंय. त्यांच्या मांडीवर बसून गेलंय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या विषाने असं होतं. जीव वाचला, ही मोठी गोष्ट. मधल्या काही महिन्यांची आठवण पुसलीय. परत येईल, कदाचित नाही येणार. नवं सांगितलेलंही सध्या डोक्यात टिकणार नाही. "ते जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्या," त्या म्हणाल्या. "त्यांना बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नका. त्याने गोंधळ वाढतो."

काका आत गेले. बेकरीवाला उशीला टेकून पडला होता, नाकाला नळी. चेहरा भट्टीवरून आल्यावर असतो तसाच, दमलेला. काकांना बघून तो खुश झाला.

"काका! तुम्ही कशाला आलात? छापखान्याला दांडी?"

"दांडीच," काका म्हणाले.

"आणि काकू?" त्याने काकांच्या मागे, दाराकडे बघितलं. "त्या नाही आल्या? त्यांना एक सांगा. गिझर पेटायला वेळ लावतोय. नुसता टकटक करतो आणि मग भप्पकन पेटतो. बघून जा म्हणावं. कधीचं सांगीन सांगीन म्हणतोय, राहूनच जातंय."

त्याची बायको पायथ्याशी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

काका काकूबद्दल सांगायला आता सरावले होते. दूधवाला, बँकेतला कारकून, लांबचे नातेवाईक, सगळ्यांना सांगून झालं होतं. पण हा सगळं बघितलेला माणूस होता. शेवटच्या दिवसांत याच दवाखान्यात काकांच्या शेजारी हाच येऊन बसायचा, कामावरून परस्पर, अंगाला मैदा लागलेला. आणि आता तो दाराकडे बघत होता.

"ती गेली रे," काका म्हणाले.

"कुठे?"

मग त्याला कळलं. काकांनी त्याच्या चेहऱ्यावर ते उमटताना बघितलं. आधी काही नाही, मग डोळे मोठे झाले, मग ओठ हलले. त्या दिवशी काकांचा स्वतःचा चेहरा कसा झाला असेल, ते त्यांना आज समोर दिसलं.

"कधी?"

"उन्हाळ्यात. तू होतास. सगळं तूच केलंस. मला पाव खाऊ घातलास, मी नको म्हटलं तर रागावलास."

"मी?" तो म्हणाला. "मला कसं आठवत नाही? काकू गेल्या आणि मला कसं आठवत नाही?" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि कानांत जायला लागलं. बायकोने ते पुसलं. काका खाटेचा दांडा धरून उभे राहिले. या माणसासाठी काकू सकाळपर्यंत जिवंत होती. आपल्या मोठ्या आवाजात कुठेतरी कोणालातरी दटावत होती. आता नव्हती. आणि हे काम काकांनीच केलं होतं.

तो हळूहळू शांत झाला. छताकडे बघत पडून राहिला. मग त्याने विचारलं, "मला झालं काय नक्की?"

खरं सांगायचं होतं. काका म्हणाले, "तुझ्या बाथरूमचा झरोका मी बुजवला. आत विषारी वायू कोंडला. तू त्यात पडलास. चूक माझी. मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक असायला हवं होतं."

बेकरीवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या. तो विचार करत होता. काका त्याच्या ओरडण्याची वाट बघत उभे होते. शिव्यांची वाट बघत होते. त्या त्यांना हव्याच होत्या.

"झरोका बुजवला?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. त्याने परत दाराकडे बघितलं. "आणि काकूंनी बुजवू दिला?"

बायकोच्या हातातला रुमाल खाली पडला. खाटेशेजारी लोखंडी स्टूल होतं, ते काकांनी जवळ ओढलं आणि त्याच्या उशाशी बसले. त्याचा हात हातात घेतला. भट्टीच्या चटक्यांनी राठ झालेला, तरुण, गरम हात.

"नाही," काका म्हणाले. "तिने कधीच दिला नसता." आणि मग ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.